आप्पांनी फोन लावला होता

बजरंगला नोकरी लागल्याची बातमी दिंद्रुडजवळच्या फाट्यावर फुटली तेव्हा उत्तरेश्वर आप्पा हॉटेलात चहा पीत बसले होते. ते तिथं नसते तर पुढचं बरंच टळलं असतं. पण आप्पा रोज तिथंच असत. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, समोर टेबलावर दोन मोबाईल, आणि ओळखीचं कुणी येताना दिसलं की त्यातला एक लगेच कानाला. पलीकडून कुणी बोलत असे की नाही, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. गावातली बरीचशी काळी जमीन त्यांच्या घराण्याची. एकदा ते पंचायत समितीला उभे राहिले आणि पडले. त्यानंतर त्यांच्या गाडीच्या काचेवर 'भावी सभापती' अशी अक्षरं आली आणि ती तशीच राहिली.

बातमी आणली होती बजरंगच्या बापानं, आश्रुबानं. आश्रुबा मेंढरं राखणारा माणूस. गावाबाहेर वस्तीवर राहायचा, सुगी संपली की लोकांच्या शेतात खतासाठी कळप बसवायचा. बोलणं कमी. त्या दिवशी मात्र त्यानं हॉटेलवाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला.

"पोराला इमानतळावर नोकरी लागली," तो म्हणाला. "पुण्याला. राहणं, खाणं समदं कंपनीचं."

आप्पांनी कानावरचा मोबाईल खाली घेतला.

"लागली का? लागणारच," ते म्हणाले. "मी बोललोच होतो तिथं."

आश्रुबा गोंधळला. बजरंगसाठी आपण आप्पांकडं कधी शब्द टाकला ते त्याला आठवेना. मग आठवलं. मागं एका लग्नात, पंगतीला, "आप्पा, पोराचं बगा कायतरी" असं तो म्हणाला होता आणि आप्पांनी "बघू" म्हणून वाढप्याकडं आणखी बुंदी मागितली होती. तेवढ्या शब्दावर एवढं मोठं काम झालं होतं. तो वाकून पाया पडला. आप्पांनी पडू दिलं.

खरी गोष्ट बजरंगला माहीत होती. बारावी होऊन तो घरी बसला होता, मेंढरांमागं जायची लाज वाटत होती आणि दुसरं काही मिळत नव्हतं. व्हॉट्सॲपच्या कुठल्याशा ग्रुपवर त्यानं जाहिरात पाहिली. विमानतळावर थेट भरती, दहावी-बारावी पास चालेल, अनुभवाची गरज नाही, जागा थोड्याच शिल्लक. कंपनीचं नाव 'गरुडपंख एव्हिएशन'. त्यानं नाव, फोटो आणि आधार कार्ड पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिया मॅडम नावाच्या बाईचा फोन आला. "अभिनंदन सर, तुमचं सिलेक्शन झालं." त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हटलं होतं. नोंदणीचे पैसे त्यानं त्याच दुपारी भरले. मग गणवेशाचे मागितले, तेही भरले. माय, मनकर्णा, तिनं त्यासाठी दोन शेळ्या विकल्या आणि विचारलं काही नाही.

विचारलं ते त्याच्या थोरल्या बहिणीनं. सुकन्या माजलगावच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. निकाल लागल्यापासून ती नोकरी शोधत होती. औषधाच्या कंपन्या, दूध संघ, कारखान्यांच्या प्रयोगशाळा, सगळीकडं अर्ज करून झाले होते, आणि मध्ये मध्ये वस्तीवरच्या पोरांना शिकवत होती. असल्या भरत्यांचे मेसेज तिला आठवड्याला येत. सुरुवातीला एकदा तिचाही जीव हुरळला होता. पण पैसे भरायच्या आधी तिनं त्या कंपनीच्या खऱ्या वेबसाईटवरचा नंबर शोधून फोन केला, तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, अशी भरतीच नाही, आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही. तेव्हापासून ती प्रत्येक ठिकाणी आधी तसंच करायची.

आश्रुबा फाट्यावरून आप्पांचं गुणगान करत आला त्या संध्याकाळी तिनं बजरंगला मेंढरांच्या जाळीजवळ गाठलं.

"मुलाखत कधी झाली तुझी?"

"मुलाखत न्हाई. डायरेक्ट सिलेक्शन."

"तुला कुणी बघितलं? व्हिडिओवर तरी?"

"फोटो धाडलाय की."

"पैसे कुणाच्या नावावर गेले?"

बजरंगनं मोबाईल काढला. पैसे एका बाईच्या खात्यावर गेले होते. ती रिया नव्हती, दुसरीच कुणी होती.

"कंपनीच्या खात्यावर कावून न्हाई?"

"कंपनीचं खातं ऑडिटला गेलंय म्हणं."

"खातं ऑडिटला जात न्हाई रे, बजरंग. पगार ते तुला देणार का तू त्यान्ला?"

तिनं नेमणुकीचा कागद पाहिला. वर राजमुद्रा, खाली विमानाचं चित्र, मध्ये 'उमेदवार' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला, आणि कंपनीचा ईमेल कुणीही घरबसल्या काढावा तसला फुकटचा. तिनं विमानतळाच्या वेबसाईटवरून नंबर घेतला आणि त्याच्यासमोर फोन लावला. पलीकडच्या माणसाला या प्रश्नाचा कंटाळा आलेला होता. असली कंपनी आमच्याकडं नाही, वेबसाईटवर सूचना टाकलेली आहे, ती वाचा, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

 थोडा वेळ बजरंगच्या तोंडावर कळल्यासारखं दिसलं. मग तो म्हणाला, "पण अक्का, आप्पानं फोन लावलता."

"तुला खरं वाटतंय ते?"

"तसं नसतं तर मुलाखत न घेता घेतलं असतं का? वशिला असल्यावर मुलाखत कशाला घेतील?"

 सगळ्या गावाचंही हेच म्हणणं होतं. नोकरी अकलेनं लागते असं तिथं कुणी मानत नव्हतं, ती फोननं लागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळं तोंड न बघता, दोन प्रश्न न विचारता कुणी माणूस कामाला घेतला, तर त्यात काही काळंबेरं आहे असं कुणाच्या मनात येईना. उलट फोन किती वरून गेला असेल याचाच लोक अंदाज बांधत बसले. चोरांना एवढी तयार जमीन दुसरीकडं कुठं मिळाली असती कोण जाणे.

दोन दिवसांत मारुतीच्या पारासमोर फ्लेक्स लागला. मध्ये आप्पांचा हात जोडलेला मोठा फोटो, कोपऱ्यात बजरंगचा पासपोर्ट साईजचा, डोळे वटारलेला, आणि खाली 'आप्पांच्या प्रयत्नांना यश'. फ्लेक्स लागल्याच्या संध्याकाळीच शहादेव आप्पांच्या दारात आला. शहादेव स्वतः कमरेएवढ्या उसात उतरून राबणारा शेतकरी. त्याचा पोरगा सत्यम आयटीआय करून बसला होता.

"आप्पा, आमच्या सत्यमचंबी तेवढं बगा. तुमचा एक फोन."

आप्पांची पंचाईत झाली. ओळख नाही म्हणावं तर फ्लेक्सची शाई अजून वाळली नव्हती. ते म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी आणखी चार बाप आले, तिसऱ्या दिवशी बाया येऊ लागल्या.

मग आप्पा आश्रुबाच्या वस्तीवर आले. जन्मात पहिल्यांदा. मनकर्णानं लगबगीनं बाजेवर गोधडी टाकली. आप्पा बसले, पाणी प्यायले, पावसापाण्याचं बोलले आणि उठता उठता बजरंगला म्हणाले, "त्या मॅडमचा नंबर दे बरं. माझ्या मोबाईलमधून उडालाय."

सुकन्या चुलीपाशी होती. ती बाहेर आली.

"आप्पा, तुमी फोन कुणाला लावलता?"

"मी वरच्या लेव्हलला लावतो, पोरी," आप्पा म्हणाले. "ही खालची माणसं. यांचे नंबर माझ्याकडं कशाला राहतील?"

आणि नंबर घेऊन गेले.

रिया मॅडमनं आप्पांना अर्ध्या तासात ओळखलं. बजरंगला ती सर म्हणत होती, आप्पांना तिनं पहिल्या वाक्यात आप्पासाहेब केलं. तुमच्यासारखी समाजात वजन असलेली माणसंच आम्हाला हवी आहेत, असं म्हणाली. संध्याकाळपर्यंत आप्पांना फोटोसकट ओळखपत्र आलं: 'बीड जिल्हा समन्वयक'. मतदारांनी जे दिलं नाही ते रिया मॅडमनं एका फोनवर देऊन टाकलं. आप्पांनी ते कार्ड छापून घेतलं, प्लास्टिकमध्ये घातलं आणि गळ्यात अडकवलं.

पुढं पोरांचे पैसे आप्पांच्या खात्यातून जाऊ लागले, कारण लोकांचाच आग्रह होता की आप्पांच्या हातून गेलेलं बरं. त्यातला एक रुपयाही आप्पांनी खाल्ला नाही. त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखी ही एकच गोष्ट, म्हणून सांगून ठेवलेली बरी. नोंदणी झाली, गणवेश झाला, मग पोलीस पडताळणी, मग विमा. दर वेळी हे शेवटचं, आणि पहिल्या पगारात सगळं परत. कामावर हजर व्हायची तारीख मात्र पुढं पुढं सरकत राहिली. एकदा धुक्यामुळं, एकदा कुणी बडा माणूस येणार म्हणून. आप्पा ही कारणं फाट्यावर अशी सांगत, जणू तो बडा माणूस त्यांना विचारूनच येणार होता.

सुकन्या एकदा त्यांच्या वाड्यावर गेली. विमानतळावरच्या माणसाचं बोलणं, खात्यावरचं नाव, सगळं तिनं नीट सांगितलं. अजून थांबलात तर पुढचे पैसे तरी वाचतील, असंही म्हणाली. आप्पांच्या भोवती चार माणसं बसली होती. आप्पा सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एवढी शिकलीस, तुला कुठं लागली का गं नोकरी?"

"न्हाई."

"मग भावाची लागली ती तुला बघवत न्हाई व्हय?"

चार माणसं हसली. त्यातला एक शहादेव होता.

 ती परत आली तर आप्पांचं वाक्य तिच्या आधी वस्तीवर पोचलं होतं. विहिरीवर बाया तेच बोलत होत्या. जेवताना बजरंगही बोलून गेला, "अक्का, तुला खरंच बघवत न्हाई का?" मनकर्णानं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं. सुकन्यानं भाकरी अर्धी टाकली आणि उठली. भाऊ तिनं कडेवर घेऊन वाढवलेला. त्याच्या तोंडून आलं तेव्हा मात्र तिला लागलं, आणि लागलं तसा रागही आला. असल्या अडाणीपणाला आता समजावत बसायचं नाही, दाखवायचं, असं तिनं ठरवलं.

आश्रुबाच्या कळपात सुलतान नावाचा एक मेंढा होता. वळलेल्या शिंगांचा, छाती काढून चालणारा. सुकन्यानं त्याचा समोरून फोटो काढला. स्वतःच्या दुसऱ्या नंबरवरून गरुडपंख एव्हिएशनला अर्ज पाठवला. नाव: सुलतान आश्रुबा. वय: तीन वर्षे. शिक्षण: नाही. अनुभव: कळप सांभाळणे. आवड: कोवळा पाला. आधार कार्डाच्या जागी तिनं त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो जोडला, पशुवैद्यकाच्या माणसांनी मारलेला. एकही गोष्ट तिनं खोटी लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलतानची निवड झाल्याचा मेसेज आला.

त्याच आठवड्यात आप्पांनी निवड झालेल्या पोरांचा सत्कार ठेवला. पारासमोर मंडप, खुर्च्या, माईक. पोरं नव्या कपड्यांत ओळीनं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर शाल आणि नारळ. आप्पा गळ्यात ते कार्ड घालून भाषण करत होते. आपल्या भागातली पोरं आता विमानं उडवणार, असं म्हणाले. पोरांना सामान चढवायच्या कामासाठी घेतलं होतं, तेही कागदावर. मग त्यांनी पालकांना बोलायला बोलावलं. आश्रुबा लाजला, उठेना. सुकन्या उठली. आप्पांना वाटलं, पोरगी वठणीवर आली. त्यांनी माईक दिला.

"आमच्या घरातनं आणखी एकाची निवड झालीय," सुकन्या म्हणाली. "त्याच कंपनीत. त्यालाबी मुलाखत न्हाई, काय न्हाई. तुमच्यासमोरच मॅडमशी बोलते."

तिनं फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाईल माईकला लावून धरला.

"गुड आफ्टरनून, सुलतान सर बोलताय का?" रिया मॅडमचा आवाज मंडपभर झाला. आप्पा खुर्चीत सावरून बसले, कारण आवाज ओळखीचा होता.

"मी त्याच्या घरची बोलते. निवड पक्की झाली ना मॅडम?"

"शंभर टक्के, मॅम. ग्राउंड सुपरवायझर पोस्ट मिळाली आहे सरांना. फक्त मेडिकलची फी आज भरायची आहे."

"फोटो बघितला का तुमी?"

"हो मॅम. फोटो बघूनच आमच्या मोठ्या साहेबांनी सिलेक्ट केलं. खूप छान पर्सनॅलिटी आहे."

मागं वस्तीवरची पोरं होती. सुलतान कोण हे त्यांना ठाऊक होतं. तिथून पहिलं हसू आलं.

"पण मॅडम, त्याला शिंगं हायत. चालतील का?"



"ते सगळं मेडिकलमध्ये बघतात, मॅम. आज फी भरली तर मी त्याचं काहीतरी करून देते."

आता सगळा मंडप हसत होता. कुणीतरी सुलतान कोण ते बायांना सांगत होतं आणि बाया तोंडाला पदर लावत होत्या. सुकन्यानं फोटो मोबाईलवर मोठा करून पुढच्या रांगेत दिला. तो हातोहात मागं गेला. जसजसा मागं गेला तसतसं हसू कमी झालं, कारण एकेका बापाला कळत गेलं की ज्या बाईनं मेंढ्याला सुपरवायझर केलं तिनंच आपल्या पोराला घेतलं आहे. बजरंग मांडीवरचा नारळ धरून खाली बघत होता. नव्या शर्टाची घडीही अजून मोडली नव्हती.

शहादेव उठला. तो हसला नव्हता.

"आप्पा, तुमी फोन कुणाला लावलता?"

"काहीतरी तांत्रिक चूक आहे," आप्पा म्हणाले. "मी बोलून घेतो."

"कुणाशी बोलून घेता?"

"वरच्या साहेबांशी."

"नाव काय साहेबाचं?"

"सगळीच नावं चारचौघांत सांगता येत न्हाईत, शहादेव."

"मग इथंच लावा फोन. नाव नगा सांगू."

आप्पांनी दोन्ही मोबाईल हातात घेतले, दोन्हींकडं पाहिलं आणि रेंज नाही म्हणाले. मंडपाच्या मागंच टॉवर होता.

सुकन्यानं तिथंच लोकांना सांगितलं, की सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडकवून ठेवता येतील. बजरंगच्या मोबाईलवरून गेलेल्या पैशांची तक्रार तिनं उभ्या उभ्या नोंदवली. पण बाकी सगळ्यांचे पैसे आप्पांच्या खात्यातून गेले होते. तक्रार आप्पांनीच करायला हवी होती, आणि आप्पा करेनात.

त्यांचं कारण कळायला लोकांना वेळ लागला. तक्रार करायची म्हणजे आपण फसलो हे लिहून द्यायचं. आपण फसलो म्हणजे आपल्याला कुणी ओळखत नव्हतं, आपण कुणाला फोन लावला नव्हता, हेही आलंच. लोक दारात येऊन म्हणत, आप्पा, तुम्हीच पैसे खाल्ले. आप्पा ते नाकारत नसत. तुमचे परत देतो म्हणत आणि वर बघत. खाल्ले म्हटलेलं त्यांना चालत होतं. पुढारी खातो, त्यात काही कमीपणा नाही, उलट खाणाऱ्याच्या हातात काहीतरी आहे असंच लोक समजतात. ज्याचा फोन कुणी उचलत नाही असा पुढारी व्हायला ते तयार नव्हते. एवढ्या एका पोकळ गोष्टीपायी दिवस गेले, आणि पैसे या खात्यातून त्या खात्यात करत कुठल्या कुठं निघून गेले.

शेवटी शहादेवनं स्पष्ट सांगितलं. "उद्या आमी बीडला जातो. तुमी आलात तर चोराच्या नावानं तक्रार देऊ. न्हाई आलात तर तुमच्या नावानं."

आप्पा आले. काळ्या काचांच्या गाडीतून नाही, सगळ्यांबरोबर जीपमध्ये. शहादेव, बजरंग, आश्रुबा, आणखी दोघं बाप, आणि कागदपत्रं कळतात म्हणून सुकन्या. 

सायबर पोलिसांच्या खोलीत एक महिला हवालदार जबाब टाईप करत होत्या. त्यांनी आप्पांना समोर बसवलं. बाकीचे मागं भिंतीला टेकून उभे राहिले. नाव, गाव, खातं, तारखा झाल्या.

"पोरांचे पैसे तुमच्याकडं का दिले लोकांनी?"

"विश्वासानं दिले."

"कसला विश्वास?"

आप्पांनी मागं वळून पाहिलं. "जरा यांना बाहेर पाठवता का, मॅडम?"

"का? तेही तक्रारदारच आहेत. सांगा. तुमची त्या कंपनीत ओळख होती?"

"तशी ओळख म्हणजे…"

"होती का नव्हती? होती म्हणाल तर तुम्ही त्यांचे साथीदार. मग मला वेगळं लिहावं लागेल."

पंखा फिरत होता. आप्पांनी रुमालानं मान पुसली.

"नव्हती," ते म्हणाले.

"मोठ्यानं सांगा. मला ऐकू येईना."

"ओळख नव्हती."

"विमानतळावर कुणाशी?"

"कुणाशीच न्हाई."

"मग फोन लावला म्हणून लोकांना सांगितलंत, तो?"

"लावला नव्हता."

बाईंनी ते टाईप केलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, असले जबाब त्या रोज घेत असाव्यात. मग नियमाप्रमाणं त्यांनी सगळा जबाब वाचून दाखवला, सरळ, एका सुरात: माझी सदर कंपनीत किंवा विमानतळावर कोणाशीही ओळख नाही व मी कोणासही फोन केलेला नाही. आप्पांनी सही केली. आश्रुबा भिंतीपाशी उभा होता. लग्नातल्या पंगतीपासून त्यानं या माणसाचे उपकार डोक्यावर वागवले होते. त्यानं सुकन्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "म्या पाया पडलोतो गं याच्या."

 सुकन्याला वाटलं होतं, आप्पांची कबुली ऐकून आपल्याला बरं वाटेल. पण टेबलावर पुढ्यात दोन मोबाईल ठेवून बसलेला तो माणूस बघून तिला नुसती किळस आली. पोराटोरांच्या आयुष्याचा खेळ झाला तो एवढ्याशा फुशारकीसाठी, आणि ती फुशारकी तरी काय, तर आपण फोन लावतो.

आश्रुबाचे पैसे बरेचसे परत मिळाले, कारण त्याची तक्रार सत्काराच्याच दिवशी गेली होती. बाकीच्यांचे थोडेच अडकले होते, तेवढे मिळाले. उरलेल्या पैशांसाठी आप्पांना लोकांनी सोडलं नाही, ते त्यांनी कण्हत कुथत फेडले. रिया मॅडम कोण होती, बाई तरी होती का, ते अजून कुणाला कळलेलं नाही. आप्पा काही दिवस फाट्यावर दिसले नाहीत. मग पुन्हा येऊन बसू लागले. आता ते सांगतात, आपण एक फार मोठी टोळी उघडी पाडली, बीडचे अधिकारी आपल्याला विचारून काम करतात. ऐकणारे माना हलवतात. त्यातल्या दोघांची पोरं मंडपात शाल घेऊन बसली होती.

बजरंग काही दिवस घरातून बाहेर पडला नाही. गावात पोरं त्याला सुपरवायझरचा जोडीदार म्हणत. मग एका सकाळी तो बापाबरोबर मेंढरं घेऊन नेकनूरच्या बाजूला गेला. आठवड्यानं परतला तेव्हा चुलीपाशी येऊन बसला. सुकन्या पीठ मळत होती.

"अक्का, मी लई वाईट बोललतो."

"बोललातास खरा."

"आता जाहिरात आली की आधी तुला दावीन."

"मला कशाला? तूच फोन कर त्यांच्या ऑफिसात. पैसे मागितले की ठेवून द्यायचा." तिनं परात त्याच्याकडं सरकवली. "आन् ते पीठ मळ आता. माझे हात भरून आलेत."

त्यानं मळलं. पीठ सैल झालं, त्याच्या भाकरी काही धड झाल्या नाहीत.

हिवाळ्यात सुकन्याला माजलगावकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गाळप हंगामापुरती नोकरी लागली. लेखी परीक्षा झाली, मग मुलाखत. तीन माणसांनी तिला घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारले आणि त्यातल्या एकाचं उत्तर तिला आलं नाही. पैसे कुणी मागितले नाहीत. पगार फार नव्हता, तो त्यांनी आधीच सांगितला.

पहिल्या दिवशी ती एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होती. शहादेवची बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिनं आधी डबा पाहिला, मग नवी पर्स पाहिली.

"लागली म्हणं नोकरी."

"व्हय, काकू."

"चांगलं झालं. लई कष्ट घेतलेस." ती जरा जवळ सरकली. "कुणी लावला गं फोन?"

"कुणीच न्हाई, काकू. परीक्षा दिली."

बाईनं तिच्याकडं पाहिलं आणि समजुतीनं मान हलवली. "असू दे बाई. न्हाई सांगायचं तर नगं सांगू. पण ती बीडची पोलीस बाई लई कामाची दिसती. आमच्या सत्यमचं तिच्या कानावर घाल."

सुकन्या तिच्या तोंडाकडं बघत राहिली. पोराच्या त्या नोकरीपायी या बाईचे दागिने मोडून झाले होते, पोरगा अजून दारात बसून होता, आणि ती इतक्या आशेनं बघत होती की सुकन्याला चीडही नीट आली नाही.

"काकू, सत्यमला संध्याकाळी घरी धाडा," ती म्हणाली. "त्याच्याकडून अर्ज लिहून घेते. कारखान्यात फिटरच्या जागा निघणार हायत."

"आन् फोन?"

एसटी आली. सुकन्या चढली, खिडकीपाशी जागा मिळाली. बाई खालून अजून तिच्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी माजलगावच्या रस्त्याला लागली.